२१ जूनला मैदान भरतं, पोळ्यापर्यंत कोण उरतं? रोजच्या योगासनांचे अनुभव लिहा

दर वर्षी २१ जूनला आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या मैदानावर सतरंज्या पुरत नाहीत. २०१५ साली पहिला योग दिन झाला, तेव्हापासून हेच बघते आहे. ४५ मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम होतो, सगळे खुशीत घरी जातात. जुलैची झड लागली की निम्मे गळतात आणि पोळ्याला मैदानावर चार-पाच जण उरतात. गळणाऱ्यांत दोनदा मीही होते. तिसऱ्यांदा मात्र टिकलं, आता चौथं वर्ष चालू आहे.

आधी दोन्ही वेळा मी ‘पहाटे ५ ते ६’ असं ठरवलं होतं. बँकेचं मार्चअखेरचं काम, मुलाची दहावी, सासूबाईंचं दुखणं, एवढ्यात तो पूर्ण तास कुठून आणायचा? एक दिवस चुकला की दुसरा चुकायचा. तिसऱ्या वेळी तासाचा नादच सोडला. आमचे दूधवाले भाऊ सहाच्या सुमारास येतात. ते येईपर्यंत जेवढं होईल तेवढं करायचं, मग १० मिनिटं मिळोत की २५. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, शेवटी अनुलोम-विलोम. कॅलेंडरवर दुधाची खूण करतो ना, त्याच चौकटीत शेजारी एक टिंब. महिन्याचा दुधाचा हिशेब करताना टिंबंही मोजली जातात. गेल्या महिन्यात २३ होती.

आसनं कशी करायची हे सांगणारे खूप आहेत. रोज कशी जमवली, कशाने तुटली आणि परत कशी जुळली, ते आपल्या माणसांकडून ऐकायचं आहे. मोकळेपणाने लिहा.

रावेर तालुका, केळीची शेती

ताई, आमच्याकडे घड्याळाचा उपयोग नाही. शेतातली लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करायला १२ला जायचं, पहाटे घरी यायचं. मग पहाटे ५ला सूर्यनमस्कार कोण घालणार?

मी मोटर बंद करण्याशी जोडून घेतलं. मोटर बंद केली की मळ्यातल्या खोलीपुढे गोणपाट टाकायचं आणि पाठीची चार आसनं करायची. रात्री असो की दुपारी. पोट रिकामं पाहिजे एवढं पाळतो, जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देतो. कटाईच्या दिवसांत घड वाहून कंबर धरायची, खाली वाकून केळीची पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापणं नको व्हायचं. सेतुबंधासन आणि पवनमुक्तासन सुरू केल्यावर दोन महिन्यांनी फरक कळला. दुखणं गेलं असं म्हणणार नाही, पण आता रात्री कुशी बदलताना जाग येत नाही. वादळात बाग आडवी झाली त्या वर्षी दीड महिना काहीच केलं नाही. मनच नव्हतं. मग एका रात्री मोटर बंद केली आणि हात आपोआप गोणपाटाकडे गेला.

भुसावळ, रेल्वेत रनिंग स्टाफ

केळीवाल्या दादांचं वाचून बरं वाटलं, आमचंही तसंच. आज खंडव्याकडे, उद्या मनमाडकडे, ड्युटीचा कॉल कधी येईल सांगता येत नाही. मी ‘झोपेतून उठल्यावर’ एवढाच नियम ठेवला आहे. दिवसा उठलो तरी माझी सकाळ तीच. पातळ चटई बॅगेतच असते, रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन पलंगांमधली जागा पुरते. झोप लागत नसेल तेव्हा भ्रामरी करतो. सहकारी आधी बघत राहायचे, आता त्यातले दोघं सोबत बसतात.

उन्हाळ्याबद्दल सांगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गच्चीची फरशी रात्रभर तापलेली असते. संध्याकाळीच पाणी मारून ठेवायचं आणि उजाडायच्या आत उरकायचं. त्या दिवसांत सूर्यनमस्कार १२ वरून ४ वर आणतो, कपालभाती बंद आणि थंडावा देणारा शीतली प्राणायाम सुरू.

धुळे

माझा अनुभव थोडा कडू आहे, पण लिहिणं गरजेचं वाटतं. एका वर्गात पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना सर्वांगासन करायला लावलं. कोणाला काय त्रास आहे, हे विचारलंच नाही. माझ्या मानेत चमक भरली आणि सहा महिने मी योगाचं नावही काढलं नाही. नंतर ज्या ताई भेटल्या त्यांनी आधी बीपी विचारलं, गुडघे विचारले, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते लिहून घेतलं. बीपी असणाऱ्यांनी डोकं खाली-पाय वर अशी आसनं आणि जोराची कपालभाती करू नये, हे त्यांच्याकडून कळलं. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला फक्त श्वास आणि सांधे मोकळे करणं शिकवलं. नवीन सुरू करणाऱ्यांनी असा माणूस शोधा, घाई करू नका.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

पतंजलींचं एक सूत्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: ‘स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः’. दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यास पक्का होतो. पहिल्या दोन गोष्टी सगळे सांगतात, मला तिसरी महत्त्वाची वाटते. मी चटई अंथरण्याआधी जागा झाडून घेतो. बस, तेवढाच आदर. पण झाडू हातात घेतला की पुढचं टळत नाही.

मला साखर आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी केली नाही, करूही नये. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी दोनदा चांगली आली, तेव्हा त्यांनीच डोस उतरवला. यात योगाइतकाच वाटा रात्रीचं जेवण आठच्या आत आणण्याचा आहे. पोट जड असलं की सकाळी वाकता येत नाही, म्हणून जेवण आपोआप अलीकडे आलं. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीचं बोलावणं येतं, तिथे पोटभर जेवतो. दुसऱ्या दिवशी फक्त प्राणायाम.

चोपडा

कापूस वेचणीत जमत नाही. दिवसभर वाकून आल्यावर रात्री फक्त शवासन करते. ते धरायचं का ताई?

(धरायचं, नक्की धरायचं. कॅलेंडरवर टिंब टाका.)

शिरपूर, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात

हा अनुभव माझ्या आजीचा, ती लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते. वय ७४, गुडघे दुखायचे. तिच्यासाठी मी खुर्चीवरची आसनं शिकून घेतली: पाय सरळ करून धरणं, घोटे फिरवणं, खुर्ची धरून उभ्याने टाचा उचलणं. वज्रासन अजिबात नाही. रोज संध्याकाळी दिवा लावला की मी पुण्याहून फोन लावायची, आणि आम्ही दोघी फोनवर मोजत करायचो. सुरुवातीला ती म्हणायची, हे काय लहान पोरांसारखं. सहा महिन्यांनी फोन लावायला मला उशीर झाला तर तिचाच यायला लागला.

परवा विचारलं, गुडघे कसे आहेत? म्हणाली, ‘‘आते कमी दुखस व माय.’’

गेली काही वर्षं ती घरातल्या पंगतीच्या वेळी बाजूला खुर्चीवर बसून जेवायची. या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही सगळे जमलो होतो. पानं मांडली, तर आजीने भिंतीला हात लावून हळूच पाट ओढला आणि माझ्या शेजारी खाली बसली.