मदत हवी आहे : दोनशे फुटांवरून उडी, आणि फायटर चालू लागतो

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती (२०१४ची पुस्तकं) खेळतोय, डीएम (खेळ चालवणारा) मी आहे. अडचण पडण्याच्या नियमाची. दर १० फुटांना एक सहा-बाजूंचा फासा, जास्तीत जास्त २० फासे. म्हणजे सरासरी ७० डॅमेज (इजा). आमच्या बाराव्या लेव्हलच्या फायटरचे (योद्धा पात्राचे) हिट पॉइंट्स, म्हणजे इजा सोसायची क्षमता, ११२. त्यामुळे तो पायऱ्या उतरण्याऐवजी सरळ कड्यावरून उडी मारतो, उठतो, आठ तास झोपतो आणि सकाळी ठणठणीत! ड्रॅगन आग ओकतो तेव्हा कुणाला काही खटकत नाही, पण या उडीला टेबलावरचा सगळा ताण निघून जातो.

हिट पॉइंट्स म्हणजे नुसतं रक्तमांस नाही, नशीब आणि चपळाईही त्यात येते, हे समजावून झालं. तलवारीच्या वाराला ते पटतं. खाली खडकच असेल तर नशीब कुठे आडवं येणार? निम्मे किंवा जास्त हिट पॉइंट्स एका फटक्यात गेले की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीर तग धरतं का, याची फाशाने परीक्षा), हा पर्यायी नियमही लावला. त्यातला डीसी १५ (गाठायचा आकडा) फायटर बहुतेक वेळा पार करतो. लाँग रेस्ट (सगळं भरून काढणारी ती आठ तासांची विश्रांती) सात दिवसांचा ठेवला, तर बिचाऱ्या विझार्डचे (जादूगाराचे) स्पेल्स अडकले, कारण तेही त्याच विश्रांतीत परत मिळतात.

मोहीम मध्यावर आहे, त्यामुळे सिस्टिम बदलायची नाही. आणि उडी मारली की थेट मृत्यू, हेही नको; खेळाडूने नियम वाचूनच निर्णय घेतलाय, त्याला फसवल्यासारखं होईल.

लढाईचं गणित न बिघडवता फक्त उंचीची भीती परत आणणारा एखादा घरगुती नियम तुमच्या टेबलावर टिकलाय का?