अंग मोकळं करण्याची सवय: तुमचा अनुभव सांगा

नियमित स्ट्रेचिंग करणाऱ्यांनी इथे सविस्तर लिहावं. मात्र 'फ्रेश वाटतं' एवढ्यावर थांबू नका. कुठला स्नायू, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती सेकंद, कशाने फरक पडला ते सांगा. कशाने अजिबात पडला नाही, तेही सांगा. ते तर जास्त उपयोगी.

सुरुवात मी करते. माझं काम दिवसभर खुर्चीतलं. उठल्यावर पहिली काही पावलं वाकूनच टाकावी लागायची, कंबर सरळच व्हायची नाही. फिजिओथेरपिस्टने बोट ठेवलं ते भलतीकडेच, खुब्याच्या पुढच्या बाजूला. कमरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटातून मांडीच्या हाडाला जाऊन मिळणारा सोआस नावाचा स्नायू आहे. आपण बसलेलो असतो तेवढा वेळ तो आखडलेल्या स्थितीतच असतो.

व्यायाम असा. एक गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेकवायचा, दुसरं पाऊल पुढे. इथे बहुतेक जण लगेच पुढे झुकतात आणि ताण कमरेवर घेतात. मला शिकवलं ते वेगळं: आधी माकडहाड खाली-आत घ्यायचं, टेकवलेल्या पायाच्या बाजूचा कुल्ला घट्ट आवळायचा आणि तसंच थांबायचं. तसूभर पुढे न सरकता मांडीच्या पुढच्या भागात अशी ओढ लागते की विचारू नका. अर्धा मिनिट, दोन्ही बाजूंना, दुपारच्या सुट्टीत आणि काम संपल्यावर. काही आठवड्यांत उठणं सुधारलं. पाठीच्या वरच्या भागाचं अवघडणं मात्र जसंच्या तसं आहे.

*

उभ्याने वाकून अंगठे धरता आलेच पाहिजेत, हे कुणी ठरवलं देव जाणे! जमिनीवर पाय पसरून पुढे हात नेण्याची चाचणी १९५२ साली वेल्स आणि डिलन या दोघींनी मांडली, तेव्हापासून लवचिकपणा म्हणजे बोटं कुठवर पोचतात ते, असं डोक्यात बसलंय. माझे पाय लांब आणि हात आखूड. या चाचणीत मी जन्मभर नापास.

मांडीचे मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली जातात. ते आखडलेले असले की वाकताना कमरेचा सांगाडा पुढे कलत नाही. मग सगळं वाकणं पाठीतून होतं. बोटं पोचतात, पण ताणली जाते पाठ. म्हणून मी पाठीवर झोपून करतो. तळव्याला पट्टा अडकवायचा, पाय वर, गुडघा किंचित वाकलेला चालतो. टाच पट्ट्याविरुद्ध खाली दाबायची, पाच-सहा सेकंद, मग सैल सोडायचं. श्वास सोडता सोडता पाय आपसूक आणखी वर येतो.

गंमत अशी की सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू काही लांब झालेला नसतो. तो ताण सोसायची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. म्हणूनच झटके देऊन काही साधत नाही आणि महिनाभर सोडलं की पुन्हा तेच.

आणखी एक. पाय वर असताना पंजा स्वतःकडे ओढला आणि गुडघ्यामागे चरचरलं किंवा पावलात मुंग्या आल्या, तर तिथे स्नायूपेक्षा नस ताणली जाते आहे असं समजा. पंजा सैल करा, पाय थोडा खाली घ्या.

*

माझी टाच. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिल्याच पावलाला खिळा घुसल्यासारखी कळ, चार पावलांनंतर कमी. तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं, प्लांटर फॅसायटिस. दोनच गोष्टी केल्या. उठण्याआधी, पाय अजून पलंगावरच, पाऊल दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढून धरायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला की तारेसारखा ताठ झालेला पट्टा लागतो. तो लागला म्हणजे ओढ बरोबर. मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या. पोटरीचं एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून करायचं, कारण वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि त्याच्याखालचा गुडघ्याच्या खालून. नुसतं सरळ पायाने केलं तर आतल्याला पुरेसं मिळत नाही. हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

बरं व्हायला महिने लागले. आठवड्यात बरं होईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

*

धावणाऱ्यांसाठी थोडक्यात. पळायच्या आधी एकेक स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून धरू नका. लांबलेल्या स्थिर ताणानंतर काही वेळ उडी आणि वेग किंचित कमी पडतात. आधी पाय झुलवणं, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाणं), जागच्या जागी गुडघे उचलणं. स्थिर ताण नंतर, निवांत. आणि दुसऱ्या दिवशीची अंगदुखी त्याने टळत नाही, ही माझी तक्रार आहे. इतकी वर्षं निमूटपणे करतोय, अंग ठरल्या वेळी दुखतंच.

*

सगळ्यांनी ताणण्याबद्दल लिहिलंय, मी न ताणण्याबद्दल लिहिते.

माझे सांधे मुळातच सैल. कोपर उलटं वाकतं, अंगठा मनगटापलीकडे हाताला टेकतो, गुडघे सरळ ठेवून तळहात जमिनीला लागतात. व्यायामाच्या वर्गात मला पुढे उभं करून 'बघा, असं जमलं पाहिजे' म्हणायचे. मलाही तेव्हा बरंच वाटायचं. पण खांदा दोनदा निसटला, त्यानंतर डॉक्टरांनी बाइटन गुण, म्हणजे सांधे किती सैल आहेत त्याचे गुण, मोजले. एकूण नऊ असतात, माझे आठ भरले. माझ्यासारखीला स्नायू आखडल्यासारखे वाटतात ते बऱ्याचदा सैल सांध्याला सांभाळून धरताना थकतात म्हणून. त्यांना ताणलं की तासभर सुख आणि नंतर जास्त दुखणं.

आता मी शेवटच्या टोकापर्यंत जातच नाही. हलकी वजनं, सावकाश, मधल्या पट्ट्यात. तुमच्यापैकी कुणाला लहानपणापासून सगळं 'सहज' येत असेल तर आधी तपासून घ्या.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, दुसऱ्या बाजूने. मी मुळीच लवचिक नाही, पण मलाही ताणण्यापेक्षा वजनाने जास्त दिलं. पूर्ण खाली बसणारे स्क्वॉट, पायरीवर उभं राहून टाच खाली नेत पोटरीचे व्यायाम. सांध्याच्या पूर्ण हालचालीत ताकद कमावली की लवचिकपणा सोबत येतो. ज्यांना एका जागी ताणून बसायचा कंटाळा येतो त्यांनी हा मार्ग बघावा. मला तर फार येतो.

*

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. रात्री पोटरीत वांब यायचा, झोपेतून ओरडत उठायचो. झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्यांचे मागचे स्नायू ताणायला मुलीने लावलं. वांब यायचे थांबले नाहीत, पण कमी झाले, आणि येतात तेव्हा पूर्वीइतके क्रूर नसतात. खुर्चीच्या पाठीला धरूनच करतो, तोल हा आमच्या वयाचा वेगळाच विषय.

बायकोची हाडं ठिसूळ झालेली आहेत. तिला पाठ गोल करून पुढे वाकायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे, कारण मणका त्यातच दबून मोडू शकतो. समवयस्कांनी हे विचारून घ्यावं.

*

काका, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. पाठीचंच आणखी एक म्हणजे सकाळ. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या कमरेतून खोल वाकलं तर त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. कंबरदुखी असलेल्यांनी पहिल्या तासाभरात पुढे वाकायचे प्रकार टाळावेत. मी सकाळी फक्त चालते, वाकायचं संध्याकाळी.

मनाला काय मिळतं, असंही कुणी विचारेल. मला झोप लवकर लागते. त्याचं श्रेय ताणाला की त्या पंधरा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असतो त्याला, हे मी ठरवायला गेलेले नाही.

*

खांदा गोठलेले कुणी आहे का इथे? मी होते. फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीत, बायकांना आणि मधुमेहींना जास्त. माझ्याकडे तिन्ही होतं. पहिल्या टप्प्यात नुसती आग, कुशीवर झोपणं बंद. तेव्हा जोर लावून ताणणं म्हणजे आगीत तेल. ओणवं होऊन हात लोंबता सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने हलवायचा, बस्स. दुखणं ओसरलं आणि नुसता ताठरपणा उरला तेव्हा काठी हातात आली. पाठीवर झोपून, कोपर कुशीला चिकटवलेलं, मधे घडी केलेला टॉवेल, चांगल्या हाताने काठी ढकलत दुखऱ्या हाताचा पंजा बाहेर न्यायचा. सुरुवातीला जेमतेम बोटभर जायचा. सगळ्यात उशिरा परत आली ती पाठीमागे हात नेण्याची हालचाल. ब्लाउजची मागची हुकं हा माझा मापदंड होता, अंश मोजायचं काम मी फिजिओवर सोडलं.

घरचे म्हणायचे, रोज करतेस तरी काहीच फरक नाही. हा आजार एक ते तीन वर्षं रेंगाळतो हे कुणी आधी सांगितलं असतं तर निम्मी चिडचिड वाचली असती.

*

मानेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मी करतो ते सांगतो. डावा हात मांडीखाली दाबून बसायचं, म्हणजे खांदा वर येत नाही. मान उजवीकडे कलवायची आणि नाक किंचित उजव्या काखेकडे. कानामागून खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ओढ जाणवते, स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची दुखरी जागा नेमकी तीच असते. डोक्यावर हात ठेवायचा तर त्याचं वजन पुरे, खेचायचं नाही. पूर्ण गोल मान फिरवणं मी सोडलं, मागे नेली की मला गरगरायचं. हात दाबून ठेवण्याची युक्ती केल्यापासून तेवढ्याच वेळात दुप्पट गुण आला, आधी नुसती मान कलायची आणि खांदा तिच्या मागे मागे वर चढायचा.