‘सजगता’ नको, मग काय? : पीटीएसडीच्या पत्रकातली अडचण

अर्धविराम : पीटीएसडी म्हणजे एखाद्या भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार. त्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणारा, वर्ग असतो; त्या वर्गाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. मी ‘सजगता-ध्यान’ लिहिलं. समुपदेशक बाईंनी त्यावर काट मारून समासात लिहिलं, “ही माणसं आधीच नको तितकी सजग असतात!” बिनतोड. दार आपटलं की दचकायचं, बसायचं ते भिंतीला पाठ लावून, ही लक्षणंच आहेत त्या आजाराची. मग म्हणावं काय?

खडूस : रुळलेला शब्द कशाला उखडता? वाचणारा व्युत्पत्ती काढत बसत नाही.

वेलांटी : व्युत्पत्ती राहू द्या, वापर बघा. सजग नागरिक, सजग पहारा, सगळीकडे डोळ्यांत तेल घालणंच आहे. त्यात ‘जाग’ दडलीय, आणि यांची झोपेचीच बोंब. मी ‘अवधान’ म्हणेन.

जुनीपेटी : अवधानाला ‘स’ लागला की सावधान! माजी सैनिकाला हा शब्द ऐकवा, टाचा जुळवून उभा राहील. मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे आपली स्मृती. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१मध्ये त्याचं ‘माइंडफुलनेस’ केलं. दवाखान्यात ते आणलं जॉन कबाट-झिन या प्राध्यापकांनी, १९७९ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये.

वेलांटी : म्हणजे आठवणींनी छळलेल्यांना औषध काय, तर स्मृती. छान!

अर्धविराम : ‘भान’ कसं वाटतं? तो प्रसंग पुन्हा अंगावर येतो तेव्हा आत्ताचंच भान सुटतं ना. डोळे मिटून श्वासाकडे बघा म्हटलं की काहींना उलट तेच सगळं दिसायला लागतं. म्हणून जाणकार शिक्षक सांगतात, डोळे उघडे ठेवा, तळव्यांना लागणारी जमीन जाणवू द्या, खोलीतला एखादा आवाज ऐका.

खडूस : “भानावर ये” हे आपण दरडावून म्हणतो. आणि शब्दाचं सोडा, गुण किती येतो? २०१५चा अमेरिकेतल्या ११६ माजी सैनिकांवरचा अभ्यास बघा. माइंडफुलनेस शिकलेल्या गटाची लक्षणं, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, दुसरा उपचार घेतलेल्या गटापेक्षा जास्त उतरली, पण निदानच पुसलं जाण्यात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. तेव्हा पत्रकात ‘उपचार’ छापू नका, ‘पूरक’ म्हणा.

वेलांटी : ‘पूरक’ म्हटलं की पूरक आहार आठवतो. ‘जोड-उपचार’?

जुनीपेटी : आणि शीर्षकात पीटीएसडीला ‘आघातोत्तर तणाव’ नाही ना लिहिलंत? तणाव हिंदीतून आलाय. मराठीत ताण. आपल्याकडे ‘तणावा’ आहे, पण ती तंबूची दोरी.

अर्धविराम : ‘आघातोत्तर’ तरी कोणाला कळणार आहे? मी ‘आघातानंतरचा ताण’ केलंय. माझा प्रश्न मात्र भानाचा होता…

खडूस : ते राहू द्या. जुनीपेटी, दंगलीनंतर शहरात ‘तणावपूर्ण शांतता’ असते, तिथे ‘ताणपूर्ण’ लिहिणार का?

जुनीपेटी : ‘ताणलेली शांतता’ लिहीन. काय बिघडलं?