जुन्या अनारकलीचा को-ऑर्ड सेट

ताई, तुम्ही विचारलंय ना की जुना कॉटनचा अनारकली कमरेतून कापून टॉप आणि स्कर्टचा को-ऑर्ड सेट, म्हणजे एकाच कपड्याची जोडी, केली तर जमेल का, तर नक्की जमेल, पण लगेच कात्री नका लावू हो! कमरेला जोड असेल तर आधी ती शिलाई उसवा. आत दडलेला अर्धा इंच कपडा दोन्हीकडे मिळतो, तोच पुढे कामी येतो. माझा मेहंदी रंगाचा होता, शिलाईच्या आत अगदी कोरा गडद हिरवा निघाला, बाहेर पार उडालेला.

आता मुख्य गोष्ट. नेफा, म्हणजे इलॅस्टिक घालायची दुमड, करायचा तर स्कर्टचा वरचा घेर सीटच्या (नितंबांच्या) मापापेक्षा थोडा जास्तच हवा, नाहीतर स्कर्ट चढणारच नाही. चुण्यांचा ड्रेस असेल तर चिंता नाही, चुण्या उसवल्या की घेर मिळतो; कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद पट्ट्यांचा) असेल तर थोडं खालून कापा. 1 इंची इलॅस्टिकला दीड इंच कपडा दुमडण्यात जातो, आणि इलॅस्टिक कमरेपेक्षा 2 इंच कमी घ्या, बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कुठंही मिळतं.

टॉप आखूड होतो, म्हणून मी स्कर्टच्या खालची 4 इंचाची पट्टी काठासकट काढून टॉपला लावली, त्यानं सेट छान मॅचिंग दिसतो. छत्री कट (गोल घेराचा) असेल तर मात्र पट्टी गोल येते, ओढून जोडली की चुण्या पडतात, तिथे वेगळा कपडा लावा.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात असा धुवून धुवून मऊ झालेला कॉटन खूप सुखाचा वाटतो, टाकू नका तो ड्रेस.