इलेक्ट्रिक स्नो थ्रोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन) पहिल्यांदाच चालवणार आहे, काय काळजी घ्यायची?

रोचेस्टरची_सून:
नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही रोचेस्टरजवळ, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं, घर घेतलं. आधी अपार्टमेंटमध्ये होतो त्यामुळे बर्फ काढायची वेळच कधी आली नाही, आता ड्राइव्हवे आपला आपणच साफ करायचा. डांबरी आहे, दोन गाड्या शेजारी शेजारी राहतील एवढा रुंद, एका कडेला थोडी खडी टाकलेली आहे. पेट्रोलचा वास आणि ती दोरी खेचणं नको म्हणून वायरवाला इलेक्ट्रिक स्नो थ्रोअर घेतला, सिंगल स्टेज म्हणजे एकाच पात्याने बर्फ उचलून फेकणारा, १५ अँपचा. मॅन्युअल वाचलं पण त्यात इतक्या वॉर्निंग आहेत की खरंच जीवावर बेतेल अशी गोष्ट कुठली तेच कळेना. नवरा कामासाठी बराच बाहेरगावी असतो म्हणजे चालवणार मीच. सासरे साताऱ्याहून आलेत, रोज म्हणतात तू राहू दे मी करतो, पण ते सत्तरीच्या पुढे आहेत आणि बीपीची गोळी चालू आहे. त्यांना देऊ का? आणि घरात लाइटिंगसाठी आणलेली बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड आहे ती चालेल ना?

बफेलोवाला:
ताई आधी कॉर्डचं सांगतो, ती लाइटिंगची अजिबात लावू नका. या मोटरला ५० फुटांपर्यंत १४ गेज आणि १०० फुटांपर्यंत १२ गेजची कॉर्ड लागते, नंबर जितका लहान तितकी तार जाड. बारीक तार गरम होते, पुढे व्होल्टेज कमी पडतं आणि मोटर तापून जळते. बाहेर वापरायच्या कॉर्डच्या कव्हरवर डब्ल्यू अक्षर छापलेलं असतं ते बघून घ्या. दोन छोट्या कॉर्ड जोडून लांबी वाढवू नका, तो जोड नेमका ओल्या बर्फात पडतो. प्लग जीएफसीआय आउटलेटलाच लावा, म्हणजे करंट गळला तर आपोआप बंद होणाऱ्या, आधी टेस्टचं बटण दाबून तो खरंच ट्रिप होतो का बघा. आणि त्याच सर्किटवर गराजमधला फ्रीझर वगैरे असेल तर ब्रेकर पडत राहील.

आता मशीनची सगळ्यात धोक्याची गोष्ट, चूटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, हात घालायचा नाही. ओला जड बर्फ पडला की चूट तुंबते, तुंबणारच, आणि माणूस मशीन बंद करून सरळ ग्लोव्ह घातलेला हात आत घालतो, बोटं जातात ती अशीच. मोटर बंद असली तरी अडकलेल्या ऑगरमध्ये, म्हणजे बर्फ ओढणाऱ्या फिरत्या पात्यात, ताण शिल्लक राहू शकतो, बर्फ मोकळा झाला की पातं झटकन फिरतं. म्हणून लिव्हर सोडा, पातं पूर्ण थांबू दे, प्लग काढा, मगच मशीनबरोबर आलेल्या काठीने बर्फ पाडा. प्लग काढल्यावरसुद्धा हात नाही, काठीच. इलेक्ट्रिक मशीन आवाज कमी करतं म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं, पण पातं ते पातंच. चूटला आतून सिलिकॉन स्प्रे मारून ठेवा, तुंबणं बरंच कमी होतं.

मिसिसागा_माई:
सासऱ्यांबद्दल मी सांगते कारण आमच्याकडे बाबा हिवाळ्यात येतात तेव्हा हीच चर्चा असते. मशीन ढकलायला जड नाही हे खरं, पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात जोर लावला की हृदयावर ताण येतो. फावडं तर त्यांच्या हातात देऊच नका, ते मशीनपेक्षा वाईट. त्यांना वाईट वाटू नये म्हणून काम द्या ना, खिडकीत उभं राहून लक्ष ठेवायचं, तुम्ही बाहेर असताना मुलं दाराबाहेर येत नाहीत हे बघायचं. ते खरोखरच गरजेचं काम आहे.

तुम्ही स्वतः ओढणी, लांब मफलर, लोंबणाऱ्या दोऱ्यांचं जॅकेट घालू नका, केस बांधा, गॉगल लावा. खडीच्या कडेला मशीन नेऊच नका, सिंगल स्टेजचं पातं जमिनीला टेकून फिरतं, ते खडे उचलून खिडकीवर किंवा माणसावर मारतं, तेवढा पट्टा फावड्याने काढा. जमीन गोठायच्या आत कडेने रिफ्लेक्टरच्या काठ्या रोवून घ्या, नाहीतर बर्फाखाली डांबर कुठे संपलं ते दिसत नाही. पायपुसणं, पाण्याचा पाइप, मुलांची खेळणी, वर्तमानपत्र सगळं बर्फ पडायच्या आधी उचला.

अजून एक, घराच्या बाजूला फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे, पांढरे पाइप बाहेर आलेले असतील तर बर्फ तिकडे उडवू नका. ते बुजले तर घरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो आणि त्याला वास नसतो. घरात त्याचा डिटेक्टर चालू आहे ना हे आजच बघा.

रोचेस्टरची_सून:
बाप रे, ते पाइप आहेत आणि अगदी ड्राइव्हवेच्या बाजूलाच आहेत. बरं झालं विचारलं. सासऱ्यांना सांगितलं, ते राजी झालेत. सुरुवात कुठून करायची? आणि वायर मध्ये येते त्याचं काय? बॅटरीचं घ्यायला हवं होतं का?

मिनेसोटा_मराठी:
आउटलेटपासून सुरू करा आणि लांब जात राहा, म्हणजे वायर कायम साफ झालेल्या भागात तुमच्या मागे राहते. हँडलला हुक असतो त्यात तिचा वेढा अडकवा. वळताना थांबा, वायर कुठे आहे ते बघा, मग वळा. सवय झाली की आपण हेच विसरतो.

बॅटरीचं माझ्याकडे आहे, वायरचा त्रास नाही पण तिचं वेगळंच सांभाळावं लागतं, बॅटरी घरात ठेवायची, गोठणाऱ्या थंडीत चार्ज करायची नाही, लिथियम बॅटरी त्याने कायमची खराब होते. आणि तुंबलं तर प्लगऐवजी बॅटरी आणि सेफ्टी की दोन्ही काढायच्या. तुमचं आहे ते ठीक आहे.

वादळ संपायची वाट बघू नका, चारपाच इंच साठला की एक फेरी मारा, जास्त साठला तर या मशीनला जड जातं. रस्त्यावरचा प्लाउ, म्हणजे बर्फ लोटणारी गाडी, ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग टाकून जातो त्यात मीठ, खडे, बर्फाचे दगड असतात, तिथे मशीन घुसवू नका, फावड्याने फोडून थोडा थोडा घ्या. तिथे काम करताना रस्त्याकडे पाठ करून उभं राहू नका, गाड्या घसरत येतात. बर्फ रस्त्यावर उडवू नका, बऱ्याच गावांत दंड होतो. काम संपलं की मिनिटभर रिकामंच चालू ठेवा, आतला बर्फ निघून जातो, नाहीतर पातं गोठून बसतं.