आयपी ब्लॉक केला तरी तक्रार कराच

भाऊ, सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) दिसलेला हल्लेखोराचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॉक केला की काम संपलं, तक्रारीने काही होत नाही, असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याचा बिलिंग सर्व्हर मी सांभाळतो. एका रात्री तिथे एसएसएचवर (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, चुकलेल्या पासवर्डांची रांगच लागली होती. फेल-टू-बॅनने (वारंवार चुकणारे आयपी अडवणारं सॉफ्टवेअर) तो आयपी अडवला, पण तेच मशीन लगेच दुसऱ्या कुणाचं दार ठोठावत असणार! पुष्कळदा ते मशीनही हॅक झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. त्याला कळवणार कोण?

हूइजमध्ये (कोणता आयपी कुणाचा याची जाहीर नोंद) त्या नेटवर्कचा तक्रारीचा ईमेल मिळतो. त्यावर लॉगच्या मूळ ओळी पाठवा, सोर्स पोर्ट (समोरच्या बाजूचा जोडणी क्रमांक) आणि टाइमझोनसकट. सीजीनॅटमागे (इंटरनेट कंपनी एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत) एकाच आयपीवर अनेक घरं असतात. पोर्ट नसेल किंवा भारतीय वेळेचं +५:३० लिहायचं राहिलं, तर भलताच ग्राहक पकडला जाईल. अब्यूजआयपीडीबी या त्रासदायक आयपींच्या जाहीर यादीवरही नोंद करा, पण तिथला मजकूर सगळ्यांना दिसतो, म्हणून आपल्या सर्व्हरचं नाव आणि यूजरनेम आधी काढून टाका.

यूडीपीच्या (आधी जोडणी न करताच डेटा पाठवायची पद्धत) माऱ्यात मात्र पाठवणाऱ्याचा आयपी खोटा असू शकतो, तिथे घाई नको. एसएसएचला मात्र टीसीपी जोडणी, म्हणजे दोन्ही बाजूंची देवाणघेवाण, आधी पूर्ण व्हावी लागते, त्यामुळे तो आयपी खरा धरता येतो.

आणि कुणी खरोखर आत शिरलं असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी ६ तासांत तिला कळवायचं असतं. लॉगही १८० दिवस जपायचे असतात. तुमचे किती दिवसांत पुसले जातात, ते आजच बघा.