सर्व्हायकल म्हणजे मान का पिशवीचं तोंड?

काल थोरल्या जाऊबाईंचा रिपोर्ट आणायला राजारामपुरीत गेल्तो. वर लिहिलेलं, सर्व्हायकल सॅम्पल, हाय रिस्क एचपीव्ही डीएनए, रिअल टाइम पीसीआर. घरी मोठ्यानं वाचला तर सासूबाई म्हणाल्या, "मानेचं दुखणं हाय तर पट्टा लाव म्हणावं की तिला, खालनं कशाला तपासायचं?" आमच्या गल्लीत सर्व्हायकल म्हणजे मानच, शेजारचे काका दोन वर्षं गळ्यात पट्टा घालून फिरत्यात. त्यात पीसीआर ऐकून त्यांना वाटलं सीपीआरला ॲडमिट करायला सांगितलंय, डबा भरायलाच उठल्या. आता कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दवाखानाच, त्यांची तरी काय चूक.

तर ह्या सर्व्हायकलला मराठीत काय म्हणायचं, गर्भाशयमुख, ग्रीवा, का पिशवीचं तोंड? आणि एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस म्हणं, तर पॅप टेस्टमधला पॅप आणि ह्या पॅपिलोमातला पॅप एकच काय?

प्रतिसाद १
सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत ओ. लॅटिनमध्ये सर्व्हिक्स म्हणजे मानच. गर्भाशय म्हणजे उलटी धरलेली सुरई समजा, खालचा निमुळता भाग ही तिची मान. म्हणून पट्टेवाल्या काकांचं आणि जाऊबाईंचं विशेषण एकच. ग्रीवा हे त्याचंच शब्दशः संस्कृत, हिंदीत तेच चालतं. आपल्याकडं गर्भाशयमुख रुळलंय, तसं बघितलं तर मुख म्हणजे नुसतं भोक आणि सॅम्पल घेतात ते त्या मानेच्या आतल्या आणि बाहेरच्या पेशी जिथं भेटतात तिथलं. तरी मी मुखच म्हणेन, ग्रीवा म्हटलं की कुणालाच कळत नाही.

प्रतिसाद २
पॅपचा पॅपशी काही संबंध नाही. टेस्टमधला पॅप हे पापानिकोलाऊ ह्या ग्रीसमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांचं आडनाव, आणि पॅपिलोमातला पॅपिला म्हणजे स्तनाग्र, तसा उंचवटा असलेली गाठ. चामखीळ आणणारे विषाणू ह्याच खानदानातले. पॅपमध्ये पेशी मायक्रोस्कोपखाली बघतात, एचपीव्ही टेस्टमध्ये विषाणूचा डीएनए शोधतात. सॅम्पल घेतलेला ब्रश द्रवाच्या बाटलीत बुडवला असेल तर एकाच सॅम्पलवर दोन्ही होतं.

प्रतिसाद ३
लॅबमध्येच काम करतो म्हणून जरा लांबवतो. आरटी ह्या अक्षरांनी लई घोळ घातलाय, कोरोनात आरटीपीसीआर म्हणजे आरएनएचा आधी डीएनए करून घ्यायचा आणि मग पीसीआर, म्हणजे त्या डीएनएच्या नकला काढत जायचं, एचपीव्ही मुळातच डीएनएवाला, त्याला ती पायरी लागत नाही, इथलं आरटी म्हणजे रिअल टाइम, म्हणजे नकला वाढत असतानाच मशीन उजेड मोजत बसतं. दर फेरीला दुप्पट, ३० फेऱ्यात एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. आणि सोबत माणसाचा स्वतःचा एक जीनपण शोधतात, बऱ्याच किटात बीटा ग्लोबिन, तो सापडला नाही तर ब्रशला पेशीच नीट लागल्या नाहीत किंवा सॅम्पलमध्ये रक्त वगैरे काहीतरी आडवं आलं, मग रिपोर्ट इनव्हॅलिड. लोक त्याला निगेटिव्ह समजून फाईलला लावून टाकतात, तसं करू नका, सॅम्पल परत द्यावं लागतं.

हाय रिस्क, म्हणजे कॅन्सर करू शकणारी, हे विशेषण विषाणूच्या जातीचं आहे, बाईचं नव्हे. जातींना नंबर असतात, बरीच मशीनं १६ आणि १८ वेगळे दाखवतात आणि बाकीचे १२ एकाच गठ्ठ्यात, कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के ह्या दोघांमुळं.

प्रतिसाद ४
आमच्या आत्तीच्या जुन्या रिपोर्टवर हायब्रिड कॅप्चर होतं. मामा म्हणाले बियाणं हाय काय 😂

प्रतिसाद ३ वाले परत
हसण्यासारखं आहे पण शब्द चपखल आहे. विषाणूच्या डीएनएचे दोन धागे अल्कलीनं सुटे करायचे, त्यातल्या एकाला आपला आरएनएचा तुकडा चिकटवायचा, एक धागा डीएनए एक आरएनए अशी मिश्र जोडी झाली, तीच हायब्रिड. मामांच्या ज्वारीतही दोन वाणांचा संकरच की. मग अँटिबॉडी ती जोडी धरून ठेवते, ते कॅप्चर. ह्यात नकला काढतच नाहीत, नुसता सिग्नल मोठा करतात. १३ जाती एकदम शोधते, पण त्यातली कुठली ते सांगत नाही, म्हणून आता पीसीआर जास्त.

आणि ही टेस्ट म्हणजे शहरातली चैन नव्हे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ ला छापून आला. हीच हायब्रिड कॅप्चर ज्या गटात एकदाच केली त्या गटात ह्या कॅन्सरचे मृत्यू, नेहमीच्याच सोयीवर ठेवलेल्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे.

प्रतिसाद ५
नॉट डिटेक्टेडला मराठीत काय? निगेटिव्ह म्हटलं की आमच्याकडं काहीतरी वाईटच वाटतं.

प्रतिसाद १ वाले
सरळ "सापडला नाही" म्हणा.

धागा मीच काढला होता
सगळ्यांना थँक्स. आत्ता सासूबाईंना सांगितलं, पिशवीच्या तोंडाला विषाणू सापडला नाही. ऐकून घेतलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग मान का दुखती तिची?"

दुखतीय खरी, आठ दिवस झाले.